पंचफुलाचा झिरा

पंचफुला माही मोठी जाऊ. तिच्याबद्दल सांगाचं म्हणजे आधी झिऱ्याचं सांगा लागते.

आमचं गाव ज्ञानगंगेच्या जंगलाले लागून. एप्रिलात नळ कोरडा, हापशी कोरडी. मंग बाया नाल्याच्या रेतीत कमरेइतका खड्डा करतात, तळाशी पाणी झिरपते, ते वाटीवाटीनं घागरीत भरतात. हाच झिरा. दिवसा त्यावर फळी, दगड अन् बोरीचे काटे, म्हणजे ढोरं-कुत्रे तोंड घालत नाई. दिवस बुडताना मात्र सगळं बाजूले ओढाचं, जंगलातल्या जनावरायनं प्यावं म्हणून. हा रिवाज आमच्या सासूचा. ती गेल्यावर पंचफुलानं तो अंगावर घेतला. बावीस वर्षं, एक दिवस खाडा नाई.

बोलाले लय फटकळ बाई. कोणी कुरकुरली की म्हणे, "काऊन वं, झिरा काय तुह्या बापानं आंदण देला तुले?" पण तिच्याच तुरीत रोही, म्हणजे नीलगायी, शिरले की त्यायले अशा शिव्या घाले, का पोरं हसून लोळत. मले म्हणे, "खाण्यावरून भांडीन मी त्यायच्याशी, पाण्यावरून नाई."

पहाटेची पहिली घागर तिचीच. एकटी जाये. मी कितीदा म्हटलं, बाई, अस्वलं हायेत, जरा उजाडू द्या. तं म्हणे, "पिऊन झाल्यावर जनावर थांबते काय तिथं? त्याचं काम झालं का ते जाते, मंग आपलं सुरू."

यंदा माह्या सुनेचं, काजलचं, बाळंतपण मे महिन्यात आलं. घरात दोन दिवसाचं लेकरू अन् त्याले न्हाऊ घालाले पाणी नाई. झिऱ्यात रातभरचं जमून चार घागरी निघाव्या, तं त्यातल्या दोन जनावरंच पिऊन जात. लोक म्हणतात, आधी पोटोबा मंग विठोबा. मले दोन्ही सुचले नाई, लेकरूच दिसत होतं.

त्या सांजीले पंचफुला झिरा उघडून घरी आली. पाणी नव्हतं म्हणून हात पदरालेच पुसले अन् भाकरी कराले बसली. मी गुपचूप नाल्यावर गेली. फळी टाकली, दगड ठेवले, काटे ओढले. एका रातीनं काय मरतात जनावरं, असं मनात म्हटलं. घरी येऊन तिच्याच हातची भाकर खाल्ली.

पहाटे ती गेली, रोजच्यासारखी बेधडक. अस्वल तिथंच होतं, संगं पिलू. झिऱ्याच्या बाजूले त्यानं रेती उकरून उकरून टाकली होती, पण थेंब लागला नव्हता. प्यालंच नाई तं जाईन कसं?

आम्ही ओरडणं ऐकून पळत गेलो तवर ते पळालं होतं. बाई रेतीत बसून होती, दोन्ही हात तोंडावर, अन् बोटायच्या मधून रक्त.

अकोल्याच्या दवाखान्यात महिनाभर होती. जीव वाचला. डोळे दोन्ही गेले.

गाव खवळलं, अस्वलाले मारा म्हणे. वनखात्याचे साहेब बयान घ्याले आले. पट्टी बांधलेल्या तोंडानं ती म्हणाली, "त्याची चूक नाई, साहेब. मीच झिरा उघडाले इसरली असन. वय झालं माहं. लेकुरवाळं होतं बिचारं, तहानेलं." साहेबानं लेहून घेतलं. मी तिच्या उशापाशीच उभी होती.

करावं तसं भरावं म्हणतात. केलं मी, भरलं तिनं.

आता तिले मीच जेवू घालते. काजलचं लेकरू दिवसभर तिच्याच मांडीवर असते, तिथंच ते झोपते. रोज ठरवते, आज सांगीन. पण सांगतलं अन् तिनं ते लेकरू खाली ठेवलं तं? ह्या भेवानं जीभ उचलत नाई. आतून सडून चालली मी.

काल लेकराच्या तोंडावरून हात फिरवता फिरवता ती म्हणाली, "कोकिळा, माह्या इसरण्यापायी तुह्या जिवाले लय तरास झाला वं. माफ कर मले."

अन् मी म्हटलं, "जाऊ द्या, बाई."