साहेबाची बायको

आई आता बरी होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि बाबा तिला रोज दुपारी वाचून दाखवायला लागले. तेही काय, तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज पुढाऱ्याचं चरित्र. अंबरनाथच्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेल्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करणार? पुस्तक इंग्रजी, बाबा ओळीओळीचं मराठी करत वाचायचे. साहेब पार्लमेंटात निवडून आला, पुढच्या खेपेला पडला, मग घरी बसून इतिहासाचे ग्रंथ लिहू लागला. त्याचा गिचमिड मजकूर बायको स्वच्छ अक्षरात उतरवून काढायची.

"म्हणजे राबायचं तिने आणि नाव याचं," आई म्हणायची.

तिने पोथीचा नियम इथेही लावला होता. वाईट प्रसंगावर वाचन थांबवायचं नाही, काही बरं येईपर्यंत पुढे जायचं. साहेब निवडणूक हरला त्या दिवशी बाबांचा घसा बसला, पण त्याचा पहिला ग्रंथ छापून येईपर्यंत तिने सोडलं नाही.

मी उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात राहते, घराखालीच आमचा जीन्स शिवायचा कारखाना. रविवारी बदलापूरला त्यांच्याकडे जायचे. एका रविवारी साहेबाचं कुठल्याशा सभेत भाषण चाललं होतं. आईने मध्येच विचारलं, "अहो, त्याची बायको बऱ्याच दिवसांत आली नाही."

"असेल घरात."

"गेली ना? तुम्ही ती पानं गाळलीत."

बाबांनी पान उलटलं.

"मग तो जेवायचा काय?"

"ते यात लिहिलेलं नाही."

"एवढं जाड पुस्तक, आणि तेवढंच नाही."

मग धापा टाकत तिने सांगितलं, डाळीत हिंग-हळद कुकर लावतानाच घालायची. फोडणी जळली तर टाकून द्यायची, तशीच ओतायची नाही. बाबा हमसून हमसून रडले. मीही रडले. फक्त आई रडली नाही.

ती गेल्याला आता वर्ष होईल. बाबा रोज वरणभात करतात. जेवायला बसले की मला फोन लावतात आणि बोलत काहीच नाहीत. त्यांना आमच्या मशिनी ऐकू जातात, मला त्यांचं वरण भुरकणं. परवा मी विचारलं, "बाबा, जमलंय का आज वरण?"

भुरकणं थांबलं.

"अगदी तिच्यासारखं झालंय गं," ते म्हणाले. "म्हणून खाववत नाही."