ब्रेकबाईंनी गाडीला भोंगा बसवला

सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणत. त्या बायकांना गाडी शिकवायच्या. शिकणारी स्टिअरिंगवर, बाई शेजारी, आणि बाईंच्या पायाशी मुद्दाम बसवून घेतलेला जादा ब्रेक. तो त्या क्वचितच दाबत, पण दाबला की शिकणारीचं कपाळ आणि गुर्मी एकदमच पुढे आपटे. नवरा गेल्यावर याच गाडीवर त्यांनी घर चालवलं, मुलाला मोठं केलं.

गाडी म्हातारी झाली, बाईही झाल्या. गाडीचं इंजिन ठणठणीत राहिलं, बाईंच्या उजव्या अंगठ्याचा सांधा मात्र गेला. इग्निशन झिजून सैल झालेलं, ते सहज फिरे. दाराचं कुलूप कडक. त्यात चावी फिरवताना बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत. मुलाने एकदा ते पाहिलं आणि त्याला निमित्त सापडलं.

"ज्या हाताने दार उघडत नाही, त्या हाताने गाडी चालवायची नाही. क्लास बंद कर, गाडी काढून टाकू, आणि माझ्याकडे राहायला ये."

"आणि तुझ्याकडे येऊन काय करू? गॅलरीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघू?"

दुसऱ्याच दिवशी बाई मोटारीचं वायरिंग करणाऱ्याकडे गेल्या. रिमोटने चारही दारं उघडतील आणि चोराने हात लावला तर भोंगा वाजेल, असं काहीतरी बसवून दे म्हणाल्या. त्याने बॉनेट उघडलं, वायर चिमटीत धरली. वरचं आवरण चुरा होऊन पडलं.

"बाई, हिच्यात मी हात घालणार नाही. एक जोडायला जावं तर चार तुटतील. हवं तर ही रिमोट-भोंग्याची पेटी घेऊन जा. बसवायचं तुमचं तुम्ही बघा."

"बघते."

बघते म्हणजे काय, ते त्याला माहीत नव्हतं. जुन्या दारांत कुलूप सरकवणारी छोटी मोटर बसवायची म्हणजे आधी आतलं आवरण काढायचं. क्लिपा वाळून कडक झालेल्या. घाई केली की मोडतात. मग पत्र्याच्या पोकळीत कोपरापर्यंत हात घालून कुलपाची सळई चाचपायची, तिला मोटरची सळई जोडायची. ती जराशी वाकडी बसली तर मोटर नुसती घुरघुरते, काचेखालचा कुलपाचा खटका हलत नाही. बाईंनी पहिल्या दाराची सळई तीनदा काढून पुन्हा वाकवली. पक्कड अंगठ्याने दाबवेना, म्हणून दोन्ही तळव्यांत धरून दाबली. पत्र्याने मनगट सोलवटलं. त्यावर चिंधी बांधून त्या दुसऱ्या दाराकडे वळल्या.

चौथं दार झालं. जुन्या वायरींना हात न लावता पेटीला वीज थेट बॅटरीवरून दिली. एकच बारीक वायर राहिली होती, दार उघडल्याची खबर पेटीला देणारी. हात पार भरून आला होता. ती उद्या जोडू, असं म्हणून त्यांनी आवरणं लावली आणि रिमोट दाबला. चारही खटके टकाटक वर आले. बाई आत बसल्या, रिमोट अडकवलेली चावी इग्निशनमध्ये घातली आणि मागचा खटका बाहेरून बघायला उतरून दार लावलं.

इथे त्यांची सवय नडली. उतरताना चावी आतच ठेवायची, कारण स्टिअरिंगवर शिकणारी असते. आज तिथे कुणी नव्हतं. आणि ती बारीक वायर नसल्याने दार उघडल्याचं पेटीला कळलंच नाही. रिमोट चुकून दाबला गेला, मालक आलाच नाही, असं समजून तिने थोड्या वेळाने इमानाने चारही दारं पुन्हा कुलूपबंद केली. रिमोट चावीसकट आत.

नेमका तेव्हाच मुलगा आला. काचेतून आत बघून तो हसू दाबत म्हणाला, "झालं समाधान?" अडीअडचणीला म्हणून गाडीची दुसरी चावी त्याच्याकडे असे. त्याने ती खिशातून काढली. "मी उघडतो. पण मग दोन्ही चाव्या माझ्याकडे. बोल."

बाईंना काजवे अंगठा न हलवताच दिसले.

"ठेव ती खिशात."

"आई, हट्ट करू नकोस."

"खिशात ठेव म्हटलं ना!"

बाजूला पडलेल्या पेटीच्या खोक्याला बांधणीची प्लास्टिकची पट्टी होती. बाईंनी तिला मध्ये दुमड घातली आणि दाराच्या वरच्या फटीतून आत सारली. पट्टी काचेला लागली मात्र, भोंगा केकाटला. मुलगा दचकून मागे सरला. खिडक्या उघडल्या.

"कोण आहे? चोर?" वरून कुणीतरी ओरडलं.

"चोर नाही, मालकीण आहे!" बाई मान वर न करता ओरडल्या.

"मग एवढा गोंधळ कशाला?"

"पसंत नसेल तर खिडकी लावा!"

पट्टी खटक्यावरून दोनदा घसरली. भोंगा थांबे, पुन्हा सुरू होई. मुलगा कान झाकून म्हणत होता, "आई, शोभा होतेय, घे ना ही चावी." तिसऱ्यांदा दुमड खटक्याच्या डोक्याखाली अडकली. बाईंनी अंगठा सोडून चारही बोटांना पट्टीचा वेढा दिला आणि दात आवळून ओढलं. खटका वर आला. आत बसून त्यांनी रिमोट दाबला. गल्लीत एकदम शांतता.

"मी उघडून दिली असती," मुलगा पुटपुटला.

"आणि घेऊन गेला असतास."

चहा घेऊन जा म्हटलं, तर न घेताच तो गेला. चावी त्याच्या खिशातच राहिली.

बाई पुन्हा दाराशी बसल्या. ती बारीक वायर त्यांनी तेव्हाच जोडली. अंगठा ठणकत होता. ठणकू दे म्हणाल्या.

रविवारी तो आला. आई वर आहे, गाडी खाली आहे, हे पाहून त्याने खिशातली चावी दाराला लावली. कुलूप उघडलं. दार उघडलं आणि भोंग्याने सगळी गल्ली डोक्यावर घेतली. बाई गॅलरीत आल्या. तो दार धरून वर बघत उभा. त्यांनी जरा वेळ वाजू दिलं, मग रिमोट दाबला.

"ती चावी ठेव तुझ्याकडे," त्या वरून म्हणाल्या. "आता दार लाव आणि बाजूला हो. दहाला शिकणारी येतेय."