मुठीतली पोकळी

ओल्या प्लास्टरचा वास आला की माझ्या डाव्या हाताचं बोट अजून आखडतं. उल्हासनगरच्या बराकीत राहणाऱ्या एका सिंधी अम्मांच्या मुठीचा साचा मला घ्यायचा होता. फाळणीत त्या लहानपणीच कराचीहून बोटीनं आल्या होत्या आणि माझं शिल्प त्यावरच होतं. "तेव्हा आईचं बोट धरलं असेल ना, तसं माझं धरा, हलू नका," म्हणत मी त्यांच्या मुठीवर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. शेजारी जीन्स शिवायच्या मशिनी घरघरत होत्या. घट्ट होताना प्लास्टर तापू लागलं तशी मूठ आवळत गेली. माझं बोट बधिर झालं. "अम्मा, झालं, सोडा आता." त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मी बोट ओढलं, तर पकड आणखी घट्ट. "अम्मा, दुखतंय मला!" तेव्हा त्या हळूच बोलल्या, "बंदरावर छोट्या भावाचा हात माझ्याकडे होता. तो पण हेच बोलला, दुखतंय. मी सोडला. फिर मिला ही नहीं." मी ओढायचं थांबवलं आणि मूठ आपसूक सैल होईपर्यंत तसाच बसून राहिलो. आता ते शिल्प माझ्या मोरिवलीच्या कामाच्या शेडमध्ये आहे. मुठीतल्या पोकळीत येणारे-जाणारे सहज बोट घालून बघतात. मला अजून ते जमलेलं नाही.