फाटकावरचा प्रश्न

शाळेच्या फाटकावर बसणाऱ्या मावशींचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि याचा त्यांना थोडा अभिमानच होता. घरी त्या तेलाच्या बाटलीवर पेनानं खूण करूनच कामाला निघत. सून म्हणायची, "सासूबाई, एखाद दिवशी माझ्या कपाळावरही खूण करून जा." दूधवाला असो की डॉक्टर, कुठेतरी पाणी मुरतंयच, अशी मावशींची खात्री.

हा स्वभाव काही जन्माचा नव्हता. नऊ वर्षांपूर्वी शाळेचे पितळी नळ चोरीला गेले आणि खापर मावशींच्या डोक्यावर फुटलं. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याची नजरेनं झडती घेतल्याशिवाय त्यांना चैन पडेना. त्यात मागच्या महिन्यात एका पालकानं त्यांच्या फटकळ जिभेची तक्रार केली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, लेखी ताकीदच दिली. आणखी एक तक्रार आली तर काम बंद. पेन्शनीला दीड वर्ष उरलेलं, मुलाच्या कामाचा पत्ता नाही, घर मावशींच्या पगारावर चाललेलं.

नेमकी तेव्हाच विद्यापीठातून एक चष्मेवाली ताई आली. शाळा सगळ्या मुलांना आपली वाटते की नाही, याचा तिला शोध घ्यायचा होता. पण ती स्वतः काहीच विचारत नव्हती. शोध मुलांनीच घ्यायचा म्हणे! पलीकडे नव्या इमारती उभ्या राहत होत्या, तिथं कामाला आलेल्या परगावच्या मजुरांची सहा मुलं तिनं निवडली आणि हातात वह्या दिल्या. काय शोधायचं तेही त्यांनीच ठरवायचं.

"संशोधक म्हणे! नाक पुसायची अक्कल नाही अजून," मावशी पुटपुटल्या.

त्या सहांत भिंगरी नावानं ओळखली जाणारी एक मुलगी होती. अकरा वर्षांची, ही तिची पाचवी शाळा. तिसऱ्या दिवशी ती फाटकासमोरच्या पायरीवर वही घेऊन बसली आणि मावशींच्या मनात पाल चुकचुकली. पोरगी मान वर करायची, मावशींकडे बघायची आणि वहीत काहीतरी ओढायची.

"काय गं, काय लिहितेस?"

"अजून ठरलं नाही, मावशी."

ठरलं नाही म्हणजे काय? मोठ्या बाईंनीच या पोरांना आपल्या पाळतीवर बसवलं असणार! आपणहून काढलं तर बोभाटा होतो. पोरांच्या तोंडून तक्रार आली की काम सोपं. दुसऱ्या दिवशी भिंगरी पाणी प्यायला गेली, तेव्हा मावशींनी पायरीवरची वही उघडून पाहिलीच. आत नुसत्या उभ्या रेघा. एक रांग पानभर लांब, दुसरी बोटभर. नाव नाही, गाव नाही. मावशींना त्या रात्री जेवण गेलं नाही.

शेवटी त्यांनी चष्मेवालीलाच गाठलं. "ताई, त्या वहीत माझ्याबद्दल काय आहे?"

"वह्या मुलांच्या आहेत, मावशी. त्यांना विचारल्याशिवाय मलाही दाखवता येत नाहीत."

झालं! आता तर मावशींची खात्रीच पटली.

तीन आठवड्यांनी सभागृहात सगळे शिक्षक आणि कर्मचारी जमले. मुलं आपलं काम सांगणार होती. मावशी दाराशी उभ्या राहिल्या. भिंगरीनं भिंतीवर मोठा कागद लावला. त्यावर त्याच रेघा होत्या.

"आम्ही दहा दिवस मोजलं," ती म्हणाली. "शाळेतलं एक मोठं माणूस मुलांना थांबवून 'कुठे निघालास' विचारतं. सदुसष्ट वेळा विचारलं. त्यात त्रेसष्ट वेळा आम्हाला, बाहेरगावच्या मुलांना. शाळेत आम्ही पाचांत एकच आहोत."

मावशी कागदावरच्या रेघा मोजू लागल्या. आपण इतक्यांदा विचारतो? आणि त्यांनाच? आठवून पाहिलं तर दुसरी पोरं डोळ्यांसमोर येईनातच.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "कोण हे माणूस? नाव सांग."

"नाही सांगणार, बाई. नाव घ्यायचं नाही, असा आमचा नियम आहे."

"अगं, पण का?"

"नाव घेतलं तर त्याचं काम जाईल. काम गेलं की गाव सोडावं लागतं."

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस त्यांची भाकरी या पोरीच्या हातात होती आणि त्या मात्र तिच्याच वहीत चोरून डोकावल्या होत्या. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण पाय आपोआप पुढे झाले.

"बाई, ते माणूस मीच."

भिंगरी वैतागली. "मावशी! आमचा नियम तुम्हीच मोडलात!" मागं कुणीतरी हसलं. मग ती जरा नरमली. "बरं, सांगितलंच आहे तर हेही सांगा. आम्हालाच का विचारता?"

सवय आहे, कामच आहे, मुलांच्या काळजीपोटी, अशी सगळी उत्तरं मावशींच्या जिभेवर आली. मोठ्या बाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

"मला वाटायचं," मावशी म्हणाल्या, "तुम्ही काहीतरी उचलून न्याल."

भिंगरीनं वहीचं नवं पान काढलं.

"जरा हळू सांगा, मावशी," ती म्हणाली. "लिहून घेते."