मिरचीचा दर आणि अंबूताईचा आवाज

धारवाडच्या सप्तापूर भागातल्या अंबूताईला चेहऱ्याने फारसं कुणी ओळखत नाही. पण आवाज ऐकला की अमरगोळच्या शेतमाल बाजारात पोती उतरवणारा हमालसुद्धा म्हणतो, आल्या आमच्या अक्का! धारवाडच्या सरकारी रेडिओवर ती रोज संध्याकाळी कन्नडमधून बाजारभाव वाचते आणि शेवटी न चुकता सांगते, हे दर आजच अमरगोळहून आलेले आहेत. तिकडून फोन आल्याशिवाय एक आकडा वाचायचा नाही, हा तिचा नेम.

यंदा सरकारी अनुदान आटलं. अंबूताईसारख्या हंगामी निवेदकांच्या पाळ्या कमी झाल्या, बाजारभावच बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या शहरातल्या कोप्पीकर रोडवरच्या एका केबल चॅनलचं बोलावणं! निवडणुकीच्या जाहिरातींनी त्यांची नुसती चांदी चालली होती. अंबूताई ठेवणीतली इरकल नेसून निघाली.

चॅनलचा मालक श्रीनिधी स्वतः दारात उभा. नव्या माईकसमोर बाई पदर सावरून बसली. जाहिरात एका उमेदवाराची. त्याच्यामुळे म्हणे मिरचीचा भाव दुप्पट झाला. तिने एका दमात अशी ठणठणीत वाचली की काचेपलीकडे टाळ्या पडल्या. आणि सवयीने, अगदी सवयीने, तोंडून तेही वाक्य निघून गेलं, हे दर आजच अमरगोळहून आलेले आहेत.

तिने लगेच हात वर केला. चुकून गेलं, ते काढा, म्हणाली. श्रीनिधी कसला काढतोय! या वाक्यासाठीच तर तुम्हाला बोलावलं, आता कायमची नोकरी घ्या, म्हणू लागला.

"अमरगोळहून कुणी फोन केला होता?" तिने विचारलं.

"जाहिरातीला फोन कशाला लागतो, अक्का?"

"मग माझा आवाजच पुसा. माझ्यासमोर."

पुसून होईपर्यंत ती जागची हलली नाही. मग जी सुटली, ती थेट धारवाडच्या बसमध्ये. हातातोंडाशी आलेली नोकरी गेली होती, आणि या बाईला आनंद कुठे ठेवू नि कुठे नको असं झालेलं!

रेडिओवर पोचते तोच फोन वाजला. अमरगोळच्या बाजार समितीतला आनंदा. मिरची कालच्याच भावाने गेली, म्हणाला. "टीव्हीवर सकाळपासून एका उमेदवाराची दुप्पट भावाची पट्टी फिरतेय. खेड्यातनं फोनावर फोन. सगळे म्हणतात, अक्का काय सांगतात ते बघू."

स्टुडिओतला लाल दिवा लागला. पाळी उद्या असेल, नसेल, आज होती. अंबूताईने मिरचीचा दर दोनदा वाचला. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज आनंदाने थरथरला.

"हे दर आजच अमरगोळहून आलेले आहेत."