आईचं कडवं आणि दोन टर्नटेबलं

लोडशेडिंगच्या त्या वर्षांत माझ्या एका मित्राला जुन्या जपानी टर्नटेबलांचं, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांचं, वेड लागलं. गोंदियाजवळ मुर्रीला त्याची साउंड सर्व्हिस होती. लग्नांत लोकांच्या कानठळ्या बसवायच्या आणि घरी येऊन स्वतः बारीक ऐकायचं, असा हा माणूस. त्याच्याकडची दोन्ही यंत्रं डायरेक्ट ड्राइव्ह होती. म्हणजे पट्टा नाही, मोटर थेट थाळीखालीच. त्यांतलं एक तो मला देणार होता. कोणतं, ते ऐकून ठरवायचं.

मी बाबांना घेऊन गेलो, आणि घरातली एकुलती एक रेकॉर्ड. आई तरुणपणी भीमगीतांच्या मंडळात गायची. मंडळानं नागपुरात ही रेकॉर्ड करून घेतली होती, त्यातलं एक कडवं आईचं एकटीचं. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. हल्ली बाबा म्हणायचे, "चेहरा दिसते तिचा, आवाज काही याद येत नाही."

लाइट गेलेलीच होती. मित्रानं जनरेटर लावला. पहिलं टर्नटेबल लाकडी, देखणं. थाळीच्या कडेला ठिपके, त्यांवर छोटा दिवा. ठिपके जागच्या जागी थांबलेले दिसले की वेग बरोबर. ते मागे सरकत होते. मित्रानं नॉब फिरवून थांबवले, "अब परफेक्ट है" म्हणाला आणि सुई ठेवली.

आईचं कडवं आलं तसे बाबा पुढे झुकले. मग हळूच मागे टेकले.

"हे ती नोहोय."

"बाबा, तीच आहे. दुसरं कोण राहील?"

"मंग मीच भुललो तिले."

त्यांचा चेहरा पाहून मला भीती वाटली आणि, का कोण जाणे, त्यांचाच राग आला.

दुसरं टर्नटेबल काळं, नुसता ठोकळा. ठिपके नाहीत, नॉब नाही. घड्याळातल्यासारखा आतला क्वार्ट्झच वेग सांभाळायचा. मित्रानं नाक मुरडतच सुई ठेवली. तेच कडवं, पण आवाज खाली उतरलेला, भरदार, थोडा खरखरीत. बाबा डोळे पुसायलाही विसरले.

लाइट आल्यावर लाकडीचे तेच ठिपके पुढे पळू लागले, तेव्हा उलगडा झाला. पहिल्याचा तो दिवा विजेच्या ठेक्यावर लुकलुकायचा आणि जनरेटर जरा जास्तच पळत होता. त्याच्या नादी लागून आम्ही थाळीच पळवली आणि आईचा आवाज पोरीसारखा बारीक करून ठेवला. घरच्या लाइटवर ते लाकडीही बरोबर वाजलं. खरं सांगायचं तर ठोकळ्यापेक्षा गोड. तरी मी ठोकळाच घेतला. गोंदियाच्या लाइटच्या भरवशावर आईला सोडायची माझी हिंमत नव्हती.

परतताना स्कूटरवर मागून बाबा म्हणाले, "मी भुललो नोहतो."

"नाही, बाबा."

"जाडाच होता तिचा आवाज. तिले तसं म्हणलो असतो तं जेवाले नसतं देलं तिनं."