पुढचा चारा

सटवाच्या पायाला भिंगरी होती, आणि बालाघाटाच्या डोंगरात मेंढरं राखणाऱ्या त्याच्या तळाचं पोट त्या भिंगरीवरच चालायचं. इथलं गवत शिल्लक असतानाच एकानं पुढं जाऊन पुढचं रान बघून यायचं, ही या धनगरांची रीत. तो मान सटवाचा. एका जागी फार दिवस बसला की तो बायकोवर खेकसायला लागायचा. "जावा एकदाचं," कडूबाई म्हणायची, "न्हाईतर माजं डोस्कं खाल."

निजामाच्या अमलातला तो हिवाळा. हैदराबादहून एक साहेब आला. जमिनीत कुठं मिट्टीचं तेल आहे का, हे हुडकायचं त्याचं काम. सटवाची झोपच उडाली. लांबच्या एका ओढ्यात, डबक्यावर तेलाचा रंगीत तवंग त्यानं स्वतः पाहिला होता. दिव्यात जळणारं तेल आपल्या डोंगरात, आणि तेही आपल्याला सापडलेलं! मग काय, स्वारी साहेबाचा वाटाड्या बनून निघाली.

साहेब दिसेल तो दगड फोडून बघायचा, त्यामुळं डबकं काही जवळ येईना. एक दिवस कडूबाई साहेबाच्या राहुटीपाशी येऊन उभी राहिली.

"गवत सरत आलंय. रान बघाया कवा जाता?"

"तेल दावतो आन् जातो. चारा कुटं पळून चाललाय का?"

"चारा न्हाई पळत. मेंढरं मरत्यात."

ती निघून गेली. सटवाच्या मनात चरचरलं, पण हातचं सोडून पळत्याच्या मागं लागलेल्या माणसाला आवरणार कोण?

शेवटी डबकं आलं. साहेबानं तवंगात काडी घातली, तर तो पापडासारखा मोडला आणि तुकडे तसेच तरंगत राहिले.

"तेल असतं तर पुन्हा एक झालं असतं," साहेब म्हणाला. "हा मातीतल्या लोखंडाचा गंज आहे."

सटवाचं तोंड उतरलं. साहेब मात्र लगेच पुढच्या डोंगराकडे निघाला.

"साहेब, ब्रह्मदेशात तेलाच्या हिरी भरून वाहत्यात, तुमीच सांगितलं. मग कशापायी वणवण करताय?"

"वाहतात तोवरच पुढची शोधायची. आटल्यावर निघालो, तर नवी सापडेपर्यंत दिवे कशावर लावायचे?"

हीच गोष्ट बापानं सटवाला पोरवयात मेंढरांमागं शिकवली होती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. तो तळाकडे पळत सुटला.

तळावर माती उघडी पडली होती. काट्याच्या कुंपणाशी मेलेली कोकरं होती आणि तळाचा म्हातारा कारभारी, आप्पा, त्यांच्याशेजारी बसला होता.

"कडू कुटं हाय?"

"रान बघाया गेलीय," आप्पा म्हणाला. "कुनीतरी जायाला पायजे व्हतं."

दिवस कलताना ती आली. "गोदाकाठाला लई चारा हाय. उद्याच हलू," तिनं आप्पाला सांगितलं. सटवाकडं तिनं बघितलंही नाही.

"म्या म्होरं जातो," सटवा घाईनं म्हणाला. "वाट बघून ठेवतो."

आप्पानं मान हलवली. "म्होरं आता कडू जाईल. तू मेंढरांमागनं ये."

सकाळी तळ हलला. कडूबाई केव्हाच दिसेनाशी झाली होती. चालता चालता सटवाची पावलं आपोआप झपाझप पडू लागायची. मग मागं एखादं थकलेलं मेंढरू ओरडायचं आणि त्याला थांबावं लागायचं.